दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी बुटाचा तळ: पारख, मापं आणि घरच्या घरी इनसोल

दुकानात बूट चढवून चार पावलं टाकली की सगळ्यांत मऊ बूटच सगळ्यांत चांगला वाटतो. काउंटरमागे, वर्गात, वॉर्डात किंवा सोसायटीच्या गेटवर आठ-दहा तास उभं राहणाऱ्याला हा अंदाज हमखास फसवतो. मऊ फोम पहिला तासभर सुखावतो, मग टाचेखाली दबून बसतो. त्यावर पाय डुगडुगू नये म्हणून घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू दिवसभर राबत राहतात आणि संध्याकाळी ठणकतात. उभ्याच्या कामाला तळ हवा तो वजन पसरवणारा आणि पाय जागेवर धरणारा. मऊपणा वरच्या दोन-तीन मिलिमीटरांत असला की पुरे.

बूट विकत घेताना तळ कसा पारखायचा आणि चांगल्या बुटात बसेल असा इनसोल (बुटात पायाखाली येणारा आतला थर) स्वतः किंवा चांभाराकडून कसा करून घ्यायचा, हे दोन्ही पुढे दिलं आहे. मधुमेह असेल किंवा तळव्यांना बधिरपणा असेल, तर आधी ‘कोणी हे घरी करू नये’ हा भाग वाचा.

वजन नेमकं कुठे पडतं

सपाट जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की साधारण ६० टक्के भार टाचांवर येतो, पाव हिश्शाहून थोडा अधिक चवड्यांवर, आणि मधल्या कमानीवर जेमतेम. बोटं नावापुरतीच टेकतात. म्हणजे ६५ किलोच्या माणसाच्या एकेका टाचेवर २० किलोच्या आसपास वजन, तेही लहानशा गोल जागेत, तासन् तास.

टाचेच्या हाडाखाली चरबीची गादी असते, जाडी दीड ते दोन सेंटिमीटर. तिला बाजूंनी आधार मिळाला तर ती गोळा होऊन राहते आणि हाडाला सांभाळते. कडक सपाट फरशीवर ती बाजूला पसरते आणि हाडाखालीच पातळ होते. म्हणून टाचेला खोलगट बैठक हवी, आणि तिची भिंत कडक हवी. नुसता मऊ गोळा खाली घालून हे साधत नाही.

कमान रिकामी राहते हे दुसरं. तिथे हलका, भरीव आधार दिला की टाच आणि चवड्यावरचा थोडा भार तिकडे सरकतो. क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी होतो, एवढंच हे गणित आहे. कमान ‘उचलायची’ नसते. तिला फक्त टेकायला जागा द्यायची असते. बाजारातले बरेच तयार आर्च सपोर्ट इथेच चुकतात. त्यांचा उंचवटा इतका टोकदार असतो की तासाभरात तळव्याच्या मध्यावर गोटी रुतल्यासारखं वाटतं.

पळण्याचे बूट उभ्याच्या कामाला आपोआप चांगले ठरतात, हा समजही सोडून द्या. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट धक्का बसतो आणि तो शोषायला जाड, मऊ, पुढे गोलावलेला फोम लागतो. उभं राहताना धक्का नसतो. सतत तोच दाब असतो आणि शरीर अगदी थोडंसं मागेपुढे झुलत असतं. रस्त्यावरच्या शर्यतींत तळाची जाडी ४० मिमीपर्यंतच चालते असा जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचा नियम आहे, इतके हे तळ जाड होत गेले. काउंटरवर उभं राहणाऱ्याला त्याच्या निम्मी उंचीही पुष्कळ.

आधी पायाचं माप

माप संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळचं माप दुपारनंतर घट्ट होतं. ज्या मोज्यात काम करता तेच मोजे घाला.

१. भिंतीला टाच टेकवून कागदावर दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप लहान भरतं, कारण वजन आल्यावर कमान थोडी खचते आणि पाय लांब-रुंद होतो.

२. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर वजन पुढे जातं आणि चवडा फुगवून दिसतो. पेन्सिल आत कलली तर दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर सहज कमी भरतात.

३. आतल्या बाजूला अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर येतं, तिथे खूण करा. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मुळाशी दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी तिरकी रेषा म्हणजे चवड्याची रेषा. पुढचं सगळं काम हिच्यावर बेतलेलं आहे.

४. आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली बोटाने चाचपलं की हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याच्या सरळ खाली कागदावर तिसरी खूण करा. कमानीच्या आधाराचा सर्वोच्च बिंदू इथे येईल.

५. दोन्ही पायांचं करा. दोन पाय अगदी सारखे क्वचितच असतात. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा.

पडताळा म्हणून: २५० मिमी लांबीच्या पायात टाचेच्या मागच्या टोकापासून अंगठ्यामागच्या हाडापर्यंत साधारण १८० मिमी भरतात, आणि कमानीची खूण १०० ते ११० मिमीवर येते. तुमचं माप याहून फार वेगळं निघालं तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर तुमचा पाय तसा आहे. मग बूट निवडताना नंबरापेक्षा टाच-ते-चवडा हे अंतर जास्त जपा. बोटं लांब आणि मागचा पाय आखूड असलेल्यांना ‘बरोबर नंबरा’चा बूटही चुकीच्या जागी वाकतो.

आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरांत एका नंबराचा फरक ८.५ मिमीच्या आसपास असतो, अर्ध्या नंबराचा चार. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी. बऱ्याच जणांचं सर्वांत लांब बोट अंगठ्याशेजारचं असतं, तेव्हा माप त्याच्यापासून घ्या.

दुकानात हाताने करायच्या तपासण्या

किंमत आणि कंपनी थोडा वेळ बाजूला ठेवा. बूट हातात घ्या.

टाच आणि टोक धरून बूट दुमडून पाहा. तो चवड्याच्या रेषेवर वाकायला हवा. मधोमध, कमानीखाली दुमडला तर तळात शँक नाही. शँक म्हणजे टाच आणि चवड्याच्या मध्ये तळात बसवलेली पोलादी, फायबरची किंवा प्लास्टिकची पट्टी. ती नसेल तर कमानीखालचा तळ दिवसभर खाली खचत राहतो आणि तळव्याची शीर ताणली जाते. उलट बूट कुठेच वाकत नसेल आणि टोक वर गोलावलेलंही नसेल, तर चालताना टाच आतून निसटेल.

आता टॉवेल पिळतात तसा बूट पिळा. थोडा पीळ बसावा, पण पुढचा भाग मागच्याच्या काटकोनात येऊ नये.

टाचेमागची भिंत अंगठ्याने आत दाबा. घट्ट लागली पाहिजे. ती मऊ असेल तर आत घातलेली टाचेची वाटी कितीही चांगली असो, तिला बाहेरून आधार नाही.

बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाचेचा तळ जमिनीशी वरच्यापेक्षा थोडा रुंद असावा आणि बूट सरळ उभा असावा. नव्या बुटांतही एखादा आत किंवा बाहेर कललेला निघतो, तो तिथेच परत करा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक बाहेरून दिसतो त्यावर जाऊ नका, आत हात घालून अंदाज घ्या. उभ्याच्या कामाला ६ ते १२ मिमी फरक बहुतेकांना मानवतो. ज्यांच्या पोटऱ्या किंवा टाचेमागची शीर आखडलेली असते त्यांना १० ते १२ बरा. फरक २५ मिमीच्या वर गेला की भार चवड्यावर सरकतो आणि बोटं पुढच्या टोकात दाबली जातात. अगदी सपाट बुटाची ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम त्यात दिवस काढू नये, पोटऱ्या भरून येतात.

पुढे वर उचललेला गोल तळ, ज्याला रॉकर म्हणतात, चवड्याच्या सांध्यात दुखणाऱ्यांना चालताना आराम देतो, कारण सांधा न वाकता पाय पुढे जातो. पण गोलाई चवड्याच्या रेषेच्या किंचित मागेच सुरू व्हायला हवी आणि तळ कडक हवा. मऊ तळाचा रॉकर म्हणजे नुसतं टोक वर केलेला बूट. ज्यांचं काम चालण्यापेक्षा उभं राहण्याचं आहे, त्यांना टाचेपासून चवड्यापर्यंत सपाट टेकणारा तळच बरा. टाचेकडूनही गोल असलेले तळ उभ्याने सतत तोल सावरायला लावतात.

आणि शेवटी, आतला इनसोल सुटा निघतो का ते पाहा. चिकटवलेला असेल तर त्यावर दुसरा घालावा लागेल, बुटातली उंची कमी होईल आणि पायाच्या वरच्या बाजूला दाब येईल. पुढची सगळी कृती सुटा इनसोल निघणाऱ्या बुटासाठीच आहे. फीत किंवा वेल्क्रो असलेला बूट घ्या. नुसता पाय सरकवायचा बूट पावलाला मधोमध धरत नाही, मग बोटं आत आकडी करून त्याला धरून ठेवतात.

बाहेरच्या तळाचं साहित्य

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. रबर जड पण पकड चांगली, झिजही कमी. टीपीआर, म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर, हलकं आणि स्वस्त. पीव्हीसी सर्वांत स्वस्त, ओल्या टाइलवर घसरतं. हॉटेलच्या किचनमध्ये किंवा गॅरेजमध्ये काम असेल तर तेलाला टिकणारं नायट्राइल रबर मागा, आणि नक्षीच्या खाचा एकमेकींना जोडलेल्या आहेत ना ते पाहा. पाणी बाहेर जायला वाट नसलेली नक्षी शोभेपुरती असते.

पीयूबद्दल मात्र सावध राहा. पॉलियुरेथेनचा तळ चालू वापरात उत्तम, बराच काळ उसळी टिकवतो, पण दमट हवेत त्याचं रासायनिक विघटन होतं. कोकणात किंवा मुंबईत चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवलेला बूट काढावा आणि पहिल्याच दिवशी तळाचा भुगा व्हावा, हे याच कारणाने. सेलमधला जुना साठा घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. पीयूचा बूट ठेवून देण्यापेक्षा वापरलेला बरा.

इनसोलला लागणारं साहित्य

दोन प्रकारचे शीट लागतात.

पहिला एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. वेल्लोर परिसरात कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पादत्राणं घडवली, त्यांतून हे रबर आपल्याकडे रुळलं. आज ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून जे विकलं जातं त्यात हेच असावं अशी अपेक्षा असते. नेहमी असतंच असं नाही. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खरं एमसीआर सहज दबतं आणि लगेच पूर्ववत होतं. नखाची खूण राहिली तर तो साधा फोम आहे.

दुसरा ईव्हीए, म्हणजे हलका पण भरीव फोम. हा अनेक घट्टपणांत मिळतो. घट्टपणा शोअर मापात सांगतात; त्यात ए आणि सी अशा वेगवेगळ्या पट्ट्या असतात. आकडा जितका मोठा तितकं कडक. मोटारीच्या टायरचं रबर शोअर ए मापात ६० ते ७० भरतं, इनसोलला वापरायचं एमसीआर १५ च्या आसपास. कमानीच्या आणि बैठकीच्या भागाला ईव्हीए ३५ ते ४५ शोअर ए हवं. दुकानदाराला ‘ए की सी’ हे जरूर विचारा. तोच शीट सी मापात मोठा आकडा दाखवतो, त्यामुळे ‘चाळीसचा’ म्हणून घेतलेला शीट मऊ निघतो आणि महिनाभरात चपटा होतो.

एका जोडीसाठी यादी अशी:

एमसीआर ३ मिमी जाड, ३० × ३० सेंमी. ईव्हीए ४ मिमी, तेवढाच. ईव्हीए १० मिमीचा तुकडा, १५ × १५ सेंमी. वरून लावायला अस्तराचं पातळ चामडं किंवा मायक्रोफायबर कापड, ३० × ३० सेंमी. चपलाबुटांसाठीचं निओप्रीन चिकट, ज्याला बाजारात सोल्यूशन म्हणतात, छोटा डबा. ८० नंबरचा पॉलिश पेपर, धारदार कटर किंवा रापी, स्केच पेन.

ज्या बाजारातून चांभार सामान घेतात तिथेच हे मिळतं. मुंबईत धारावी आणि कुर्ल्याजवळची ठक्करबाप्पा कॉलनी हे त्याचे जुने पत्ते. इतरत्र आपल्या चांभारालाच विचारा. तो शीट कापून देईल, आणि कडा घासायची मशीन त्याच्याकडे असेल तर हाताने दोन तास लागणारं काम पाच मिनिटांत होईल.

इनसोल करण्याची कृती

१. बुटातला मूळ इनसोल काढा. तोच साचा. तो एमसीआरवर ठेवून आखा आणि आखणीच्या आतून कापा. पायाची बाह्यरेषा इथे साचा म्हणून वापरू नका. बुटाचा आतला आकार पायापेक्षा वेगळा असतो. डाव्याचा साचा उलटा केला की उजव्याचा होतो, पण आधी दोन्ही मूळ इनसोल एकमेकांवर ठेवून जुळतात का पाहा.

२. काही दिवस वापरलेल्या मूळ इनसोलवर अंगठ्याचा आणि चवड्याचा ठसा उमटलेला असतो. त्यावरून चवड्याची रेषा एमसीआरवर उतरवा. कागदावरच्या मापाशी ताडून पाहा. दोन्हींत ५ मिमीपेक्षा जास्त तफावत असेल तर ठशावर विश्वास ठेवा, कारण पाय बुटात कुठे बसतो हे तोच सांगतो.

३. ४ मिमी ईव्हीएतून मधला थर कापा. हा टाचेपासून निघून चवड्याच्या रेषेच्या १० मिमी मागे संपतो. पुढची कड १५ ते २० मिमी लांबीत घासत शून्यावर आणा. ही पायरी घाईने उरकली की चवड्याखाली ठसठशीत काठ येतो, आणि पंधरा दिवसांत तिथे घट्टा पडतो. बोट फिरवून काठ लागत नाही इथवर घासा.

४. १० मिमी ईव्हीएतून कमानीचा तुकडा कापा. आकार अर्ध्या पानासारखा: सरळ बाजू बुटाच्या आतल्या कडेला, फुगीर बाजू तळव्याच्या मध्याकडे. लांबी टाचेच्या बैठकीच्या पुढच्या टोकापासून चवड्याच्या रेषेच्या १५ मिमी मागेपर्यंत. रुंदी इनसोलच्या रुंदीच्या निम्म्याहून किंचित कमी. सर्वोच्च बिंदू तुमच्या तिसऱ्या खुणेखाली ठेवून पुढे, मागे आणि मध्याकडे उतार घासून काढा. पहिल्या खेपेला सर्वोच्च जागी ६ मिमीच ठेवा. नंतर वाढवता येतं; जास्त ठेवलेलं मात्र पाय दुखल्यावरच कळतं.

५. टाचेच्या बैठकीसाठी उरलेल्या ४ मिमी ईव्हीएतून इंग्रजी यू आकाराची १२ मिमी रुंद पट्टी कापा. ही टाचेच्या मागून दोन्ही बाजूंना फिरते, उघडं तोंड पुढे. आतली कड उताराने घासा, बाहेरची तशीच ठेवा. यामुळे टाचेच्या मध्यभागी ४ मिमीचा खळगा तयार होतो आणि बुटाच्या कडक भिंतीशी मिळून चरबीची गादी गोळा धरली जाते. पट्टीची आतली मापं टाचेच्या ठशापेक्षा लहान झाली तर हाड पट्टीवरच टेकतं. तेव्हा आधी कापून, न चिकटवता ठेवून, उभं राहून पाहा.

६. आता कोरडी चाचणी. सगळे तुकडे कागदी चिकटपट्टीने जागेवर धरून इनसोल बुटात घाला आणि अर्धा तास घरात उभे राहा. टाच बुटाच्या मागच्या काठावरून वर आलेली वाटली तर एकूण जाडी जास्त झाली आहे. मधला थर ४ ऐवजी ३ मिमीचा घ्या. कमान ‘जाणवते पण टोचत नाही’ इथे थांबा.

७. चिकटवताना दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा. ईव्हीएची मूळ गुळगुळीत साय निघाली नाही तर चिकट धरत नाही. भुकटी झटकून दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि १० ते १५ मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटायला नको, हा त्याचा बिंदू. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. ओलं असतानाच दाबलं की आत वाफ कोंडते, फुगे येतात आणि आठवड्यात थर सुटतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. या चिकटाची वाफ पेट घेते आणि डोकंही चढवते.

८. क्रम खालून वर असा: कमानीचा तुकडा आणि यू-पट्टी सर्वांत खाली, त्यावर मधला थर, त्यावर एमसीआर, सर्वांत वर अस्तर. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, म्हणून टाचेकडून सुरू करून पुढे लोळवत आणा. शेवटी लाटण्याने किंवा हातोडीच्या चपट्या बाजूने दाबून घ्या. अस्तर ताणून लावू नका. ताणलेलं कापड दोन दिवसांत आकसून कडा वर उचलतं.

९. रात्रभर राहू द्या. मग कडा घासून मूळ इनसोलशी ताडा आणि बुटात बसवा. कुठे वाकून बसत असेल तर तेवढीच कड एक-दोन मिलिमीटर घासा.

चवड्याखाली जळजळ होत असेल तर एक जादा तुकडा उपयोगी पडतो. थेंबाच्या आकाराची ५ मिमी उंच, साधारण ५ सेंमी लांब गादी, एमसीआरच्या खाली, रुंद टोक पुढे. ती बसवण्याची जागा दुखऱ्या हाडांच्या खाली नाही, त्यांच्या ५ ते १० मिमी मागे. हाडांच्या मागून थोडं उचललं की हाडांखालचा दाब हलका होतो. थेट खाली ठेवली तर दुखणं वाढवणारी ही सर्वांत सोपी चूक.

दुखरी जागा नेमकी सापडत नसेल तर तळव्यावर तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा, मोजा न घालता बूट चढवून उभे राहा आणि पाय अलगद काढा. इनसोलवर जिथे डाग उमटेल तिथे खालच्या बाजूने खळगा घासायचा. वरून कधीच खणू नका.

सवय आणि दुरुस्ती

पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवा. आठ-दहा दिवसांनी पूर्ण पाळी. पहिले दोन-तीन दिवस कमानीत किंवा पोटरीत हलका शीण जाणवतो, तो जातो. टोचणं, मुंग्या येणं, फोड येणं यांना मात्र ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका.

तासाभरातच कमानीत टोचतं: उंचवटा पुढे सरकलेला आहे किंवा उतार कमी आहे. आधी पुढचा उतार वाढवा, तेवढ्याने नाही भागलं तरच उंची कमी करा.

घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळल्यासारखा वाटतो: कमान फार उंच झाली. पाय बाहेरच्या कडेवर ढकलला जातो आहे. दोन मिलिमीटर घासा.

बोटं बधिर होतात: तळापेक्षा वरून दाब असण्याची शक्यता जास्त. चवड्याजवळच्या फीत-भोकांची ओढ सैल करा. तरीही राहिलं तर बूट अरुंद आहे, इनसोल काही करू शकणार नाही.

टाच आत घसरते: जाडीने पाय वर आला. घोट्याजवळचं सर्वांत वरचं भोक रिकामं असेल तर त्यातूनही फीत ओवा. तरी घसरत असेल तर मधला थर पातळ करा.

एकाच बाजूचा गुडघा दुखू लागला: दोन्ही इनसोल टेबलावर शेजारी ठेवून उंची मोजा. हाताने घासताना उजवा-डावा तीन मिलिमीटरने वेगळे होणं अगदी सोपं असतं.

बुटाचा तळ मागून बाहेरच्या कोपऱ्यात थोडा जास्त झिजणं नेहमीचं आहे. आतल्या कोपऱ्यात झिजत असेल किंवा दोन्ही बुटांची झीज ठळकपणे वेगळी असेल, तर इनसोलमध्ये फेरफार करत बसण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला पाय दाखवा.

कोणी हे घरी करू नये

मधुमेहात तळव्यांची संवेदना हळूहळू जाते आणि गेलेली कळतही नाही. अशा पायाला इनसोलचा काठ रुततो, फोड येतो, जखम होते, आणि दुखत नसल्याने माणूस चालत राहतो. वर दिलेली सगळी जुळवणी ‘टोचलं तर घासा’ या तत्त्वावर आहे. टोचणं कळतच नसेल तर ती धोक्याची ठरते. अशांनी डॉक्टरांकडून तपासून पादत्राण तज्ज्ञाकडून करून घ्यावं. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा आणि रोज रात्री तळवे आरशात बघावेत. पायाला रक्तपुरवठा कमी असलेल्यांना, तळव्यावर जखम असलेल्यांना आणि संधिवाताने बोटं वाकडी झालेल्यांनाही हेच लागू.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेत कळ येते आणि थोडं चालल्यावर कमी होते, अशांना खोलगट बैठक आणि कमानीचा आधार बहुधा आराम देतो. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर दाखवून घ्या. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखू लागली तर तो बुटाचा विषय नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चप्पल आणि घरातली फरशी

कामावर चांगला बूट आणि घरी आल्यावर व्हिट्रिफाइड टाइलवर अनवाणी चार तास स्वयंपाक, असं असेल तर इनसोलचा निम्मा फायदा वाया जातो. घरातही मागे पट्टा असलेली, खोलगट टाचेची सँडल ठेवा. अंगठ्याच्या पट्ट्याची हवाई चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात, तेव्हा ती न्हाणीघरापुरती.

कोल्हापुरीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याचा तिचा तळ वापराने पायाचा आकार घेतो आणि रुंद बैठक पाय स्थिर ठेवते; हे गुण खरे आहेत. पण त्यात मऊ थर नाही आणि टाचेला भिंत नाही. मातीवर आणि थोड्या चालण्याला ती उत्तम, दुकानाच्या ग्रॅनाइटवर दहा तास उभं राहायला नाही. कारागीर तयार असेल तर वरच्या चामड्याखाली ३ मिमी एमसीआर घालून घेता येतो.

तळ कितीही चांगला असला तरी पायातलं रक्त वर चढवतं ते पोटरीचं आकुंचन, आणि एका जागी ताठ उभं राहिलं की ते थांबतं. काउंटरखाली १० ते १५ सेंमी उंचीची फळी किंवा पाइप बसवा आणि दर काही मिनिटांनी पाय आलटून-पालटून त्यावर ठेवा. अर्ध्या तासाने पंधरा वेळा टाचा उचला. मालकाला विचारता येत असेल तर उभं राहण्याच्या जागी १२ ते २० मिमी जाडीची घट्ट रबरी मॅट मागा. मऊ गादीसारखी मॅट नको, कारण तिथेही मऊपणाचा तोच तोटा आहे.

शक्य असेल तर दोन जोड आलटून वापरा. घाम सुकायला आणि फोम फुगायला एक दिवसाची उसंत मिळते. पावसाळ्यात इनसोल रात्री बाहेर काढून पंख्याखाली ठेवा; उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर चिकट सुटतं आणि ईव्हीए आकसतं. दर महिन्याला टाचेच्या मध्याची जाडी आणि कडेची जाडी मोजून इनसोलच्या खालच्या बाजूला पेनाने लिहा. टाचेखाली एमसीआर ३ मिमीवरून सव्वादोनपर्यंत आलं की तेवढा वरचा थरच बदला, खालचा ईव्हीएचा सांगाडा सहसा अशा दोन-तीन थरांना पुरतो.